दोरी कोण ओढणार?

आमच्या ह्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी बजावलं, कुदळ-फावडं बंद. रावेरकडची केळीची बाग दिरांवर सोपवून मुलाने आम्हाला धुळ्याला आपल्या घरी आणलं. घरामागे ट्रॅक्टर वळवायलाही पुरणार नाही एवढी काळी जमीन होती. तिथे भरताची वांगी लावायची, असं ह्यांनी येताक्षणीच जाहीर करून टाकलं. मी कुदळ शेजारणीकडे लपवली, तर ह्यांनी चहा सोडला. साठी उलटली, पण रुसवा अजून पोराचा.

शेवटी जमीन भुसभुशीत करणारा लहानसा टिलर घ्यायचं ठरलं आणि आम्ही दोघं महामार्गाजवळच्या एका दुकानात गेलो.

"भाभी, एवढ्याशा जागेला लाईटवरचाच घ्या," दुकानदार म्हणाला. "बटन दाबलं की झालं काम."

मला तो लगेच पटला. हलका होता, मी एका हाताने उचलून पाहिला. ह्यांनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

"आमची केयीची बाग सारी लाईटवर, म्हनून सांगतो. लाईटचा भरोसा धरला, की बाग वायली समजा."

भर उन्हाळ्यात लाईट गेली की केळीची पानं सुकतात आणि त्यांच्यासोबत घरातली तोंडंही, हे मी जन्मभर पाहिलंय. पण धुळ्यातल्या चार वांग्यांना त्याचं काय? जित्याची खोड, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्या म्हणीचा पुढचा भाग आठवून गप्प बसले. हॉस्पिटलमधून आल्यापासून साधं बोलणंही असं अडखळतं.

त्यांनी पेट्रोलचा टिलर पसंत केला. तो दोरी ओढून सुरू करायचा होता. दुकानदार पुढे होण्याआधीच ह्यांनी दोरी धरली. पहिल्या झटक्याला नुसता फुसका आवाज आला. मग आणखी जोराने ओढली, पुन्हा ओढली आणि इंजिन धडधडायला लागलं. ह्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं. कपाळावर घाम डवरला होता आणि एक हात काउंटरवर घट्ट रोवलेला होता.

"मशीन चांगलं हाये," ते म्हणाले. पण एवढ्या तीन शब्दांनाही त्यांना दम पुरत नव्हता.

मला इतकी भीती वाटली की तिचा रागच झाला. दुकानात चार माणसं होती, तरी मी ओरडले, "माझ्या कपाळाचं कुंकू पुसायला घेताय का हे?"

दुकानदाराने इंजिन बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं. हे बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बटन दाबाले तर कोनीबी दाबीन. मंग म्या काय कराचं?"

ह्या माणसाने मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरांचं खरं होतं, माझं खरं होतं आणि त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "पेट्रोलचाच घ्या. पण दोरी मी ओढणार."

आणि मी ओढलीसुद्धा. सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. मी पदर खोचून मागे जायचे, इंजिन सुरू करून द्यायचे. ते मुठी धरून सावकाश पुढे जायचे. त्यांना ते लाजिरवाणं वाटत होतं, हे मला कळत होतं.

परवा मी भाकरी थापत होते. दारात कोणी आलं नाही आणि मागून इंजिनाची धडधड ऐकू आली.

पिठाचे हात घेऊन मी धावले. हे टिलरमागून चालले होते, माझ्याकडे पाठ करून, मान ताठ ठेवून. मी पायरीवर बसले. ते इंजिन एकदाचं थांबावं असं वाटत होतं, आणि थांबलं तर काय, ह्या विचाराने ते चालूच राहावं असंही.