दहापैकी किती

वॉर्डात तिला सगळे 'दहापैकी सिस्टर' म्हणायचे. आजार बरा होणार नाही, फक्त त्रास कमी करता येईल, अशा माणसांचा तो वॉर्ड. टॅब घेऊन ती एकेका खाटेपाशी जायची आणि विचारायची, "दहापैकी दुखणं किती?" सांगितलेला आकडा भरायचा, त्यावरून डॉक्टर औषध ठरवणार. नियम एकच: दुखणं रुग्णाचं, आकडाही त्याचाच. आपल्या मनाचा घालायचा नाही.

घरी नवरा चिडवायचा, "भाजीत मीठ दहापैकी चार!" ती हसायची. पण गेलेल्या माणसांचे आकडे आपल्या कानात राहिलेत, हे त्याला सांगणार कसं? नळ सोडला की पाण्यातून कुणीतरी "सहा" म्हणायचं. जिना चढताना मागून "सात". मागे वळून पाहणं तिनं सोडूनच दिलं होतं.

त्यातला एक आवाज मात्र मनाला खायचा. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा. बायको उशाशी बसलेली असायची आणि हा रोज म्हणायचा, "दोन." मुठीत चादर आवळलेली. तिनं दोनच भरलं. दोनवरच तो गेला.

म्हणूनच वॉर्डात नवे आलेले ट्रकवाले काका "दोन" म्हणाले तेव्हा तिनं तो आकडा लगेच भरला नाही. कपाळावर घाम, तशीच मूठ, आणि उशाशी काकू.

"काकू, खाली जाऊन जरा चहा घेऊन या."

"माझा झालाय हो."

"मग माझ्यासाठी आणा."

काकू गेल्या. सिस्टर खाली वाकली. "आता खरं सांगा."

"जास्तीचा माल भरलाय, हे नाक्यावर कुणी कबूल करतं का, बाई?"

"इथं दंड नाही, काका. उलट औषध वाढतं."

"तेच तर नको." काकांनी डोळे मिटले. "आठ आहे. पण औषध वाढवलंत की मी झोपणार. उद्या पोरगी येतेय. कित्येक वर्षं बोललेली नाही माझ्याशी. मी घोरत पडेन आणि ती बघून निघून जाईल."

सिस्टरनं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपला. घड्याळवाल्याचं दोनही असंच होतं का? तोही कुणाची वाट बघत होता, की नुसता बायकोपासून लपवत होता? आता विचारणार कुणाला?

तिनं आठ भरले. खाली शेऱ्यात लिहिलं: मुलगी येईपर्यंत औषध वाढवू नये, ही रुग्णाची इच्छा. डॉक्टरांनी ते वाचलं, स्वतः काकांजवळ बसून पुन्हा विचारलं आणि मान्य केलं. "पण सहन होईनासं झालं की लगेच सांगायचं."

"हॉर्नच वाजवतो," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी तिनं नळ सोडलाच नाही. खरकटी भांडी तशीच राहिली. पोरगी यायच्या आत काही झालं तर? नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, "डोकं दुखतंय." किती ते त्यानं विचारलं नाही, हे बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आली. खांद्यावरची बॅग न उतरवताच खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. मग स्टूल ओढून बसली. बापलेक काय बोलले ते सिस्टरला ऐकू आलं नाही. एकदा काका हसले, आणि हसता हसता त्यांचा श्वास अडकला. तेव्हा मुलीनं बॅग खाली ठेवली.

बऱ्याच वेळानं काकांनी खुणेनं सिस्टरला बोलावलं. "लिहा आता. आठ. औषध वाढवलं तरी चालेल."

मुलीनं चमकून आईकडे पाहिलं. काकू चादरीची सुरकुती सरळ करत होत्या.

"आठ कुठले?" त्या म्हणाल्या. "नऊ आहे. रात्रभर माझा हात धरून ठेवता, मला कळत नाही होय?"

सिस्टरचं बोट टॅबवर थांबलं. तिनं काकांकडे पाहिलं. काका बायकोकडे बघत होते.

"बरं," ते म्हणाले, "नऊ."

तिनं नऊ भरले आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.