सदतीसाव्या पानावरचा गोल

मॅडमनी माइकवरनं माझं नाव घेतलं न्हाई. "आपल्या कपाटवाल्या बाई, जरा वर या," म्हणाल्या.

गावातल्या वाचनालयाचा वाचक मेळावा व्हता. सतरंज्या मीच टाकलेल्या. हाताची धूळ पदराला पुसत वर गेले. अध्यक्ष मॅडमनी माझ्या हातात खोडरबर ठेवला. शाळेतली पोरं वापरत्यात तसला, पांढरा. टेबलावर पुस्तकांची थप्पी.

"ह्या बाईंनी वाचनालयाच्या पुस्तकांत खुणा केल्यात. कसल्या, तर खलनायकाच्या प्रेमाच्या! पुसा आता सगळ्यांसमोर."

बाया हसल्या. पुरुष जरा जास्तच हसले.

आता त्या खुणांचं सांगते. मी आष्ट्याची, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची पोर. अकरा वर्सं ह्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घातली, तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, कपाटं लावली. पुस्तक आधी वाचलंय का ते कळावं म्हणून जो तो कुठंतरी खूण करतो. कुणी अकराव्या पानावर फुली, कुणी शेवटच्या पानावर नावातलं पयलं अक्षर. माझी खूण सदतीसाव्या पानावर. पेन्सिलीनं बारका गोल. पण सगळ्या पुस्तकांत न्हाई. ज्या गोष्टीत नायिकेचा जीव खलनायकावर जडतो, तिथंच.

एका आक्कांनी ते हेरलं. दवाखान्यात नर्स व्हत्या, आता घरी असत्यात. त्यांनी दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. मग बाया काउंटरवर यायच्या, पुस्तक हातात घ्यायच्या, सदतीसावं पान उघडायच्या. गोल असला की "हे लिहून घ्या." तोंडातनं एक शब्द जास्त न्हाई. मला लय बरं वाटायचं. फिरत फिरत ते मॅडमच्या कानावर गेलं.

हसू नगा. ह्या आवडीला कारण हाय.

आमच्या शाळेत गॅदरिंगला दरवर्षी लढाईचं नाटक असायचं. वर्गात मुसलमानाची मी एकटी पोर. शत्रूचा सरदार कोण? मी. सरांना इचार करावा लागायचा न्हाई. एकदा म्हणाले, "हिला मेकअप नको. ही घरनंच तयार होऊन येते." वर्ग खदाखदा हसला. मी पण हसले. तेच चुकलं माझं, त्या दिवशी हसले ते.

तीन वर्सं मी स्टेजवर मेले. सातवीत डॉक्टरांची पोरगी हिरो व्हती. तिची लाकडी तलवार खरीच बरगडीत बसली. मी पडले आन् मांडव टाळ्यांनी दणाणला. पडल्या पडल्या एक डोळा किलकिला करून बघितलं. तिसऱ्या रांगेत अब्बा बसलेले. ते पण टाळ्या वाजवत व्हते. न वाजवून कसं चालंल? शेजारी सगळं गाव.

तेवढ्यात ती पोरगी माझ्यावर वाकली. नाटकात तिनं पाय ठेवायचा व्हता. ती कानात म्हणाली, "लय लागलं का गं?"

पुढं ती पाचगणीच्या शाळेत गेली, परत कवा भेटली न्हाई. पण त्या दिवसापासनं कुठलीबी गोष्ट हातात घेतली की मी एवढंच बघते. जो वाईट म्हणून आधीच ठरलाय, त्याच्यावर कुणी वाकतंय का. त्याला कुणी इचारतंय का.

पुढं मोबाईल आला, तवा मी सोताच गोष्टी लिहायला लागले. एका ॲपवर. उसनं नाव घेतलं, फुलाचं. माझ्या नावानं कोण वाचणार? प्रत्येक गोष्टीत शेवटच्या भागात खलनायक सुधारायचा. माफी मागायचा, नायिकेच्या आईच्या पाया पडायचा. वाचणाऱ्यांना तेच आवडायचं. मग मी पण त्याला वाकवत राहिले.

तर हातात खोडरबर.

खोटं कशाला बोलू, पयला गोल मी पुसला. दुसरा पण पुसला. समोर बसलेल्या निम्म्या बाया माझ्या गोलावर पुस्तकं नेणाऱ्या. एक उठली न्हाई. नर्स आक्का मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत बसलेल्या. मी दमले व्हते. वाटलं, पुसून टाकावं, घरी जावं, चहा टाकावा.

तिसरं पुस्तक उघडलं तवा मॅडम माइक बाजूला करून माझ्याकडं वाकल्या. हसून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तुमच्यात असलंच आवडतं, नाही का?"

त्या पण वाकल्या व्हत्या. पण लागलं का म्हणून इचारायला न्हाई.

बरगडीत दुखलं. आईशप्पथ, त्याच जागी. आन् ह्यावेळी मला हसू आलं न्हाई.

खोडरबर मी टेबलावर ठेवला. माइक सरळ केला. म्हणाले, "पुसायचं असंल तर तुमी पुसा, मॅडम. पान सदतीस. आन् आमच्यात काय आवडतंय ते ह्या बसल्यात त्यांना इचारा. त्यांनीच वाचलंय."

मी खाली उतरले. सतरंज्या गोळा केल्या न्हाईत.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, उद्यापासनं येऊ नगा. आठवड्यानं आक्कांचा फोन. "आगं, मी कशी बोलणार व्हते? माझं नाव निघालं असतं." मी "व्हय" म्हणाले आन् ठेवला. राग पण धड आला न्हाई. राग यायला पण अंगात जीव लागतो.

कपाटं आता कोण लावतंय ठाव न्हाई. राहिलेले गोल पुसले का तेबी ठाव न्हाई. पुस्तकांचा वास तेवढा आठवतो. लय आठवतो.

ॲपवरचं फुलाचं नाव काढून टाकलं. रेशनकार्डावर हाय ते घातलं, बापाच्या नावासकट. चालू गोष्टीचा शेवटचा भाग नव्यानं लिहिला. खलनायक माफी मागत न्हाई. नाव बदलत न्हाई. कुणाच्या पाया पडत न्हाई. खाली एकीनं लिहिलं, "ताई, हा शेवट पटला नाही, आता वाचणार नाही." नगा वाचू.

माझ्या गोष्टीत तो टाळ्यांसाठी मरणार न्हाई आन् टाळ्यांसाठी सुधारणार पण न्हाई. नायिकेला यायचं असंल तर तिनं त्याच्याजवळ यावं, वाकावं, लागलं का म्हणून इचारावं. आधी चांगला हो, मग इचारते, ही अट मी आता लिहिणार न्हाई.