अडकित्त्यातली गोळी

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायाच्या अंगठ्याची जखम काही भरेना. शिरूरचे डॉक्टर म्हणाले, "शुगर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल." गोळ्या तर चालू होत्या. मग दोष गोळ्यांचाच, असं मी ठरवून टाकलं. रांजणगावच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. घरी भाकरीसुद्धा उलटून बघतो. बायको म्हणते, "करा रिजेक्ट आन् झोपा उपाशी."

तर मी स्ट्रिप घेऊन मेडिकलवाल्याच्या काउंटरवर. "ही बोगस हाय."

"दादा, ह्याच बॅचचा नमुना औषध निरीक्षकांनी नेलाय," तो शांतपणे म्हणाला. "रिपोर्ट येऊ द्या."

तोवर दौंडच्या बहिणीकडून दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या मागवल्या. शुगर तेवढीच. रोज ड्यूटीवरून येताना मी मेडिकलपुढे गाडी हळू करायचो, तो आतूनच 'नाही आला' अशी मान हलवायचा. अंगठ्याचा रंग बदलत चालला. आबांना त्याचं काही नाही. पायाला जाणीवच उरली नव्हती.

रिपोर्ट आला. गोळी पास.

मग तपासायचे उरले एकटे आबा. संध्याकाळी त्यांच्या मागोमाग पारावर गेलो. त्यांनी खिशातून गोळी काढली, सुपारीसारखी अडकित्त्यात धरून कातरली आणि अर्धी शेजारी बसलेल्या आप्पांच्या, त्यांच्या जुन्या दोस्ताच्या, तळहातावर ठेवली.

"आबा, हे काय?"

"त्याची बी शुगर वाढलीय. त्याच्या देखत एकट्यानं कसं खायचं?"

"अहो, ती काय सुपारी हाय?"

आप्पांनी आपला तुकडा माझ्यापुढे धरला. "तू कंपनीत तपासतोस न्हवं? बघ की, दोन्ही सारखेच हायत."

मी बघितलं. सारखेच होते.

त्यानंतर अख्खी गोळी मी स्वतः समोर उभं राहून देऊ लागलो. पण उशीर झाला होता. अंगठा काढला.

घरी पट्टी बदलताना मी पाय धरून बसलो होतो. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"तुला दुखतंय व्हय रं?"

"न्हाई."

खरंच, काहीच होत नव्हतं.

तेवढ्यात उंबऱ्यात आप्पा आले. हातात स्वतःच्या पैशानं घेतलेली नवी स्ट्रिप. त्यांनी ती आबांच्या अंथरुणावर ठेवली. आबांनी उशाखाली हात घातला आणि अडकित्ता चाचपत राहिले.

तो मी सकाळीच कपाटात ठेवला होता.