घुमट नसलेली वेदी

आमचे धर्मराजदादा मूळचे नागपूरचे ड्राफ्ट्समन. अमेरिकेत एडिसनला इमारतींच्या प्रतिकृती बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होते. मी तिथे त्यांच्या हाताखाली डिंक लावायचो आणि घरी, एकाच अपार्टमेंटमध्ये राहत असल्यामुळे, भात लावायचो. तीन वर्षं झाली, शहाऐंशी उजाडलं, तरी त्यांनी बायकोला पाहिलं नव्हतं. ग्रीन कार्डाच्या कागदांवर मालकाची सही झाली, की पुढे पद्मिनीवहिनी येणार. मालक म्हणाला, "एक अख्खं काम एकट्याने करून दाखव, मग सही."

काम आलं एका म्युझियमचं. चीनचा बादशहा हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी जिथे आकाशाची पूजा करायचा, ती पेकिंगची वेदी. बाहेर चौकोनी भिंत, म्हणजे पृथ्वी. आत एकावर एक तीन गोल चौथरे, म्हणजे आकाश. वर मधोमध एक गोल दगड, त्याभोवती नऊ फरशा, मग अठरा, मग सत्तावीस, असं करत नवव्या फेरीत एक्क्याऐंशी. नऊ हा म्हणे आकाशाचा आकडा.

"दादा, बादशहाला नऊचाच पाढा येत असणार."

"फरशी दे," दादा म्हणाले.

फोटोत मधला दगड मोकळा होता. दादांचे रविवार बुद्धवंदनेत जायचे. गोल चौथरा म्हटला की वर स्तूपासारखा घुमट असणारच, यात त्यांना शंका नव्हती. "वरचं रिपेअरला काढलं असेल," म्हणाले आणि प्लास्टरचा देखणा घुमट करून पक्का चिकटवला.

"छान दिसतोय ना?" त्यांनी विचारलं. तीन वर्षांत मला विचारलेला हा त्यांचा पहिलाच प्रश्न. मीही शहाण्यासारखा हो म्हणालो.

म्युझियमच्या मिसेस लिननी येऊन घुमटावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "इथे काहीच नसतं. वर खुद्द आकाश आहे. त्याच्या आड छप्पर कसं येईल?"

"ओके," दादा म्हणाले.

घुमट उचकटताना मधला दगड आणि पहिल्या नऊ फरशाही निघून आल्या. दोन दिवसांत दादांनी त्या परत कापून बसवल्या. वेदी म्युझियमला गेली.

"काम चांगलं झालं," मालक म्हणाला, "पण चुकलंच ना. पुढच्या कामानंतर बघू."

"ओके."

रविवारी नागपूरला बुक केलेला तीन मिनिटांचा कॉल लागला. लाइन अशी, की वहिनींचा ओरडून बोलण्याचा आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होता.

"अहो, झाली का सही?"

"पुढच्या कामानंतर."

"कोणतं काम?"

"अजून आलं नाही."

"मग मी शाळेतली नोकरी सोडू नको ना?"

"नको."

बोलायला अजून मिनिटभर शिल्लक होतं. दादांनी फोन ठेवला नाही, आणि बोललेही नाहीत.