फाटकावरची वही

सुकदेवनाना चहा प्यायला रस्त्यापलीकडच्या टपरीवर जायचे, तेव्हा आधी स्वतःचं नाव वहीत लिहायचे. बाहेर, चार वाजून दहा मिनिटं. परत आले की आत, चार पंचवीस. कारखाना बंद पडून वर्ष उलटलं होतं, फाटकाच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, दिवसदिवस कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. पण नाना स्वतःलाही सवलत द्यायचे नाहीत.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला हा ठिबक सिंचनाच्या नळ्या करणारा कारखाना. नाना तिथले वॉचमन, धुळे तालुक्यातले. फाटकावर तीसेक वर्षं काढली तरी त्यांचं बोलणं गावाकडचंच राहिलं. लिहायचे मात्र शुद्ध मराठीत, टपोऱ्या अक्षरात. मी पहिल्यांदा तिथे गेले ती कामगारांची वकील म्हणून. मे महिना होता, काळा कोट हातावर होता आणि डोकं तापलं होतं. सरळ आत निघाले, तर त्यांनी वही पुढे केली. मी म्हटलं, नाना, मी तुमच्याच बाजूची आहे.

"बाजूनं मंग देखसूत, ताई," ते शांतपणे म्हणाले. "पह्यले नाव लिखा."

लिहिलं. न लिहून सांगते कुणाला! निघताना बाहेर पडल्याची वेळ टाकायची राहिली, तर माझ्या रिक्षामागे वही घेऊन धावत आले.

या वहीच्या कथा वसाहतीत प्रसिद्ध होत्या. एकदा मालक चिडून म्हणाले होते, माझ्याच कारखान्यात मी सही करायची? त्यावर नानांचं उत्तर होतं, "कारखाना तुम्हना शे, भाऊ. फाटक मनं शे." मालकांनी त्या दिवशी सही केली आणि पुढे दिवाळं निघेपर्यंत करत राहिले. एका पावसाळ्यात फाटकाखालून साप आत गेला. नानांनी नोंद केली: साप, एक. आत, दोन दहा. बाहेरचा रकाना मोकळा. दुसऱ्या दिवशी सर्पमित्राने साप पकडून नेला, तेव्हा कुठे तो रकाना भरला. कोणी हसलं की नाना आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "लिखेल शे ते उना. लिखेल नही ते उना नही." म्हणजे लिहिलंय तर आला, लिहिलं नाही तर आलाच नाही. मीही हसणाऱ्यांतलीच.

आता खटल्याचं सांगते. कंपनी कर्जात बुडाली की तिचं पुढे काय करायचं, हे कायद्याने कर्ज देणाऱ्यांची समिती ठरवते. आमच्या कारखान्याच्या समितीत सगळे बँकांचे अधिकारी होते. धुळ्याचे एक उद्योजक कारखाना आहे तसा घेऊन चालवायला तयार होते. जुन्या साठ-सत्तर माणसांना परत घेईन, असं त्यांनी लिहूनही दिलं होतं. त्यांत नानांचा धाकटा मुलगा होता. कारखाना बंद पडल्यावर तो बायको-मुलांना इथे ठेवून सुरतेला साड्यांच्या गिरणीत लागला होता. तो घरी परत यावा, एवढीच नानांची आस होती. पण मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाने अहवाल दिला, की यंत्रं निकामी आहेत, भंगारातच जातील. समितीने तो मानला आणि कारखाना तुकड्यातुकड्याने विकायचं ठरवलं. त्याविरुद्ध आम्ही न्यायाधिकरणात गेलो.

मी तेव्हा फार हुशार होते. तज्ज्ञाला तज्ज्ञानेच पाडायचं, असं मनात घेतलं. धुळ्याहून एक निवृत्त अभियंता आणला, त्याला यंत्रं दाखवली, ती चालू आहेत असा जाडजूड अहवाल त्याच्याकडून लिहून घेतला आणि त्या अहवालाच्या प्रेमात पडले. त्या दिवसांत नाना कापडी पिशवी घेऊन तीनदा माझ्या ऑफिसात आले. प्रत्येक वेळी सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा. प्रत्येक वेळी तेच बोलणं.

"ताई, तो मोजमाप करनारा साहेब आतमा उनाच नही. वही देखी ल्या."

मी भाकरी घेतली, वही घेतली नाही. त्यांना म्हटलं, नाना, कोर्टात अहवालाला अहवाल लागतो, वॉचमनची वही नाही. हे वाक्य मी कुठल्या स्वरात म्हटलं ते मला अजून आठवतं. आठवलं की कानशिलं तापतात.

सुनावणी माझ्या ऑफिसातूनच, संगणकाच्या पडद्यावर झाली. नाना धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते. कॅमेऱ्यात येणार नाही अशा खुर्चीवर, माझ्या मागे, मांडीवर पिशवी घेऊन बसले. सगळं इंग्रजीत चाललं होतं. न्यायाधीशांनी माझं बोलणं सबुरीने ऐकलं. मग म्हणाले, एक जाणकार म्हणतो भंगार, दुसरा म्हणतो चालू. कोण खरा ते आम्ही ठरवणार नाही. कर्ज देणाऱ्यांचा निर्णय धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचा आहे का, हे तोलायलाही आम्ही बसलेलो नाही. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, की हा निर्णय ज्या रीतीने झाला तिच्यात काही खोट दाखवता येते का? पाहणी, बैठक, मतदान, यातलं काही नियमाप्रमाणे झालं नाही, असं?

ते थांबले. चांगले थांबले. आणि मी पुन्हा माझ्या अभियंत्याच्या अहवालाचं अकरावं पान उघडलं. दहा मिनिटांत आमचा अर्ज फेटाळला गेला.

पडदा बंद केल्यावर नानांनी विचारलं, "साहेबनी शेवटले काय इचारं?" मी मराठीत सांगितलं.  त्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि बोटाने पान उघडलं. समितीच्या तज्ज्ञाच्या अहवालात पाहणीचा म्हणून जो दिवस लिहिला होता, त्याच दिवसाचं पान. नाना आत, अकरा पाच. पांढरी गाडी, तिचा नंबर, दोन साहेब. फाटकाबाहेरून फोटो काढले. सही करण्यास सांगितले, नकार दिला. आत आले नाहीत. अकरा वीस ते अकरा पस्तीस. आणि मूल्यांकन करणाऱ्याने मालमत्ता प्रत्यक्ष पाहिलीच पाहिजे, असा साधा, सरळ नियम आहे. तो मला तोंडपाठ होता.

"हाईच इचारं का त्यासनी?" नानांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"मी ते मांगेच बशेल व्हतू," ते म्हणाले.

बस, एवढंच. वर माझा चेहरा बघून त्यांनीच मला माठातलं पाणी आणून दिलं.

अपिलात मी वही घेऊन दिल्लीला गेले. तिथे ते पान दोनदा वाचलं गेलं. बाब गंभीर आहे, असं एक सदस्य म्हणालेही. मग त्यांनी विचारलं, ही वही खाली सुनावणी झाली तेव्हा तुमच्याकडे होती का? मी म्हटलं, होती. हाताशी असून दाखवला नाही, तो पुरावा आता घेता येणार नाही, असं म्हणून त्यांनी अपील फेटाळलं. त्यांचंही चुकलं नाही. तज्ज्ञ म्हटलं की कोर्टं मान तुकवतात, अशी तक्रार मी वर्षानुवर्षं करत आले आहे. आमच्या वेळी कोर्टाने मान तुकवली नव्हती. नेमका प्रश्न विचारला होता. उत्तर माझ्या मागे खुर्चीवर बसलं होतं आणि मला मागे वळायची गरज वाटली नव्हती.

विक्री झाली, ट्रक आले. वही मी नानांना परत दिली होती; तिच्यात त्यांनी प्रत्येक ड्रायव्हरची सही घेतली. गुजरातेतून आलेल्या खरेदीदाराने जनरेटर लावून एकेक यंत्र चालवून बघितलं आणि मगच ते ट्रकवर चढवलं. त्या दिवशी नानांचा फोन आला. "ताई, तीन नंबरनी मशीन चालू व्हती," त्यांनी सांगितलं. टोमणा नव्हता त्यात. फाटकातून काय गेलं, एवढंच ते मला कळवत होते. त्यांनी मला कधीच बोल लावला नाही. लावला असता तर मी भांडले असते आणि भांडून मोकळी झाले असते.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. हृदयविकाराचा झटका आला. मुलगा सुरतेहून पोचला तोवर उशीर झाला होता. दिवस झाल्यावर तो माझ्याकडे आला, तीच कापडी पिशवी घेऊन. नानांना तो आबा म्हणायचा. आबांनी ही वही वकीलताईला द्यायला सांगितलं होतं, म्हणाला. मी त्याला जेवून जा म्हटलं, पण त्याची संध्याकाळची गाडी होती.

तो गेल्यावर मी वही उघडली. पांढऱ्या गाडीचं पान मला पाठ होतं, म्हणून पुढची पानं उलटली. चारच पानं. तिथे माझं नाव सापडलं, त्या मे महिन्यातल्या पहिल्या भेटीचं. कोणाला भेटायचे: सुकदेवनाना. कामाचे स्वरूप: कागदपत्रे पाहणे. आत, अकरा चाळीस. बाहेर, बारा पाच. खाली माझी सही, घाईघाईने केलेली. ती करताना वही माझ्याच हातात होती, पांढऱ्या गाडीचं पान चारच पानं मागे.