श्रावण पाळणारा माणूस

कोल्हार सोडलं तेव्हा टेम्पोत चढवलेल्या सामानाची यादी मीच केली होती. एकेचाळीस वस्तू: पलंग, गॅसची टाकी, शिलाई मशीन, मुलीचं दप्तर. उशीच्या खोळीत कोंबलेली क्वार्टर तेवढी यादीत नव्हती. आम्ही गाव सोडत होतो ते माझी दारू सुटावी म्हणून. मळ्यातली बैठक, पुलाखालचं टोळकं मागं राहिलं की मी सुधारेन, असं थोरल्या भावानं, आण्णानं, ठरवलं होतं. आई टेम्पोच्या फळीला हात लावून म्हणाली, "जागा बदलली की मानूस बदलतो, बाळा." मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं असतं तर वास आला असता.

सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर माझ्याकडं आलं. नट, बेअरिंग, ग्रीस. काय आलं, काय इश्यू झालं, सगळं माझ्याकडं नोंदलेलं. डायरीच्या मागच्या पानावर मात्र वेगळी यादी असायची. कोणाला कोणती थाप मारली, ती. सुपरवायझरला सासऱ्यांचं ऑपरेशन, बायकोला, सुनंदाला, ओव्हरटाइम. तीच थाप त्याच माणसाला पुन्हा जायला नको, एवढीच काळजी. सासरे ठणठणीत होते.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पिण्याचं पाणी टँकरनं येतं. सुनंदा रांगेत उभी राहून पिंप भरायची. एका दुपारी मी त्या पिंपात ओकलो. नीट झाकण काढून, वाकून. पाण्यावर तरंगणारी शेव अजून डोळ्यांसमोर येते. सुनंदानं पिंप ओतलं, तीनदा घासलं. मुलगी शेजारी कळशीभर पाणी मागायला गेली. मला स्वतःची किळस आली, आणि ती घालवायला मी संध्याकाळी पुन्हा प्यायलो.

आमच्याकडं माल घेऊन येणारे एक ट्रक ड्रायव्हर होते, नाना. गेटपासवर सही घेता घेता एकदा म्हणाले, "साहेब, वेलदोड्यानं वास जात न्हाई. म्या सतरा वर्सं चघळला."

"तुमचं काम बघा, नाना."

"तेच बघतोय. रविवारी पाचला झेडपीच्या शाळंत या, चौथीच्या वर्गात. पिनं सोडल्याले धा-बारा जण बसतो आमी. चहा मिळंल, भाषण न्हाई."

मी गेलो तो श्रावणात. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन थोराड माणसं बसलेली. एकजण सांगत होता, वडिलांच्या दहाव्याला घाटावर तो पिऊन पडला तो थेट पिंडावरच. अंगाला चिकटलेला भात त्यानं तिथंच बसून खाल्ला. मला शिसारी आली. असल्यांत मी कशाला बसायचं? माझी पाळी आल्यावर म्हणालो, "मी दिलीप. मी तुमच्यातला नाही. दर वर्षी अख्खा श्रावण पाळतो, थेंब घेत नाही. आजही बारा दिवस झालेत."

वर्ग हसला. पिंडावर पडलेला तो माणूस म्हणाला, "दिलीपराव, श्रावण आमी समद्यांनीच पाळला. गटारीला गळ्यापातुर भरायची, मग म्हैनाभर देवमानूस."

नाना म्हणाले, "पोळा झाला की श्रावण सुटतो. त्याच्या दुसऱ्या दिशी या. रविवार नसला तरी आमी बसनार हाय."

चिडून घरी आलो. त्यांना खोटं पाडायला डायरी उघडली. श्रावणात रोज एक आकडा लिहायची माझी सवय. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. त्या दिवशीचा आकडा होता अठरा. न पिता किती दिवस गेले, ते मी कधी मोजलंच नव्हतं. प्यायला किती उरले, ते मोजत होतो. पुढच्या पानावर पोळ्याला गावी जायची यादी: बैलांना झूल, गोंडे, शिंगांना रंग. खाली रेघ मारून, दुसऱ्या दिवशी मळ्यात कोणाकोणाबरोबर बसायचं, त्यांची नावं. सुवाच्य अक्षरात. घाटावरच्या माणसाचीही इतकी किळस आली नव्हती.

पोळ्याच्या आधी आण्णाचा फोन आला. "येतूस ना? बैलं तुलाच वळखत्यात."

"नाही जमणार."

"शिफ्ट हाय का?"

ही थाप आण्णावर अजून वापरलेली नव्हती. "शिफ्ट नाही," मी म्हणालो. "आलो तर दुसऱ्या दिवशी मळ्यात बसेन. म्हणून नाही येत."

आईनं फोन घेतला. "सनालाबी घर नको झालं का रं तुला?"

मी फोन ठेवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाचला मी चौथीच्या वर्गात होतो. नानांनी नुसता सरकून बाक मोकळा केला. मी पिंपाचं सांगितलं. शेवेचंही सांगितलं. कोणी हसलं नाही.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे टेम्पो भरून निघालेल्यांनो, नुसती जागा बदलून माझं काही सुटलं नाही. आणि आई, घर नको झालेलं नाही. सण उलटल्यावर मी आलोच होतो. जेवलो, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, मळ्याकडं गेलो नाही. तू राहा म्हणालीस, मी नको म्हणालो. तू माझी पिशवी उचलून माझ्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आलीस. सध्या मला एवढंच घर झेपतं, दुपारच्या जेवणापासून चारच्या एसटीपर्यंत.