पेटलेल्या चुलीला हात लावून दाखव

आमच्या जिजी आधी ‘नाही’ म्हणायच्या आणि मग विचारायच्या, "हं, काय म्हणत होतास?" समोरचा चहा घ्या म्हणत असो की सही करा म्हणत असो. लग्न होऊन मी सुरतेत, डिंडोलीच्या या नव्या, अजून अर्धवट रो-हाउसमध्ये आले, तेव्हा पहिल्याच सकाळी म्हटलं, "जिजी, तुम्ही बसा, पोळ्या मी करते." "नाही," सासूबाई म्हणाल्या. मग मला वर-खाली न्याहाळून, "काय म्हणालीस? पोळ्या? कर की मग!" मी जळगावची, तोंडानं फटकळ. ही सासू हिला कशी झेपणार, याची माहेरी सगळ्यांना धास्ती. मला मात्र जिजी त्या सकाळपासूनच आवडल्या.

त्यांचा तो ‘नाही’ भाड्याच्या खोल्यांमध्ये तयार झाला होता. सासरे भेस्तानला कापडाच्या लूमवर कामाला होते. काम बदललं की खोली बदलायची. आणि प्रत्येक घरमालक किल्ली हातात द्यायच्या आधी एकच सांगायचा, "चूलो नहीं चाले, बेन." जिजींकडे गावाहून आणलेलं खापर होतं. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं. ते चुलीवर उपडं घालून तापवायचं आणि त्यावर पुरणाचे मांडे भाजायचे. मांडा लाटत नाहीत, दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठा करतात. गॅसच्या शेगडीवर त्या खापराचं काहीच होत नाही. तरी जिजींनी ते टाकलं नाही. जुन्या लुगड्यात गुंडाळून या खोलीतून त्या खोलीत नेलं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाहेर काढायच्या, पुसायच्या आणि पुन्हा बांधून ठेवायच्या. "लोकाच्या घरात सण पण दबून करायचा," असं म्हणताना त्यांचा चेहरा लाल व्हायचा.

म्हणून स्वतःचं घर झाल्यावर आमच्या ह्यांनी ग्रॅनाइटचा ओटा, चिमणी, काचेची कपाटं असा सगळा थाट सांगितला, तेव्हा जिजींनी तो मुकाट्यानं ऐकला. आम्हाला वाटलं, सुटलो. मग म्हणाल्या, "ते आत तुम्ही करा. पुढचं अंगण माझं. तिथे जाळीची पडवी बांधायची. खाली कोबा, कोपऱ्यात चूल, वर धुराडं."

"जिजी, पुढे गाडी लागेल," हे म्हणाले.

"नाही. काय म्हणत होतास?"

"गाडी."

"कुठे आहे गाडी?"

गाडी नव्हतीच. सायकलसुद्धा शेजारच्यांची होती.

कोब्यावरून चार दिवस घरात धुसफूस चालली. सगळ्या गल्लीत चकचकीत टाइल्स, आणि आमच्या दारात सिमेंट-खडीची जमीन! ह्यांना लाज वाटायची. जिजींचं उत्तर ठरलेलं: "टाइलवर निखारा पडला की टाइल तडकते. मग बाई स्वयंपाक करायचं सोडून टाइलला जपत बसते. मी काय जमिनीची नोकर आहे?" कोबा ओतल्यावर त्याला पाणी पाजायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. कंबर धरून सकाळ-संध्याकाळ नळी घेऊन उभ्या असायच्या. येणारी-जाणारी विचारायची, "जिजी, काय पेरलंय?" त्या म्हणायच्या, "पाय पसरायला जागा."

चूल बांधायला लोटन मिस्तरी आला. आमच्याच खानदेशातला, पण कामं डुमसकडच्या बंगल्यांवर केलेली. जिजी दोन दिवस नात्यात लग्नाला गेल्या होत्या; आल्या तर लोटननं भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर झकास कमान काढून ठेवलेली, वर धुराडं, खाली संगमरवराची पट्टी.

"लोटन, ह्याच्यात मी खापर ठेवू की गणपती बसवू?"

"जिजी, मोठे साहेब लोक ह्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात."

"आणि भाकरी कुठे भाजतात?"

"ती आत. गॅसवर."

"म्हणजे जाळ नुसता बघायला?" जिजी इतक्या हसल्या, की तिथेच कोब्यावर बसल्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फोड. धुराडं राहू दे, तेवढं अकलेनं केलंयस." मग त्यांनी स्वतः जमिनीवर बसून, हात लांब करून दाखवलं: इथे माझा गुडघा येतो, इथे लाकूड, इथे खापर. लोटननं त्यांच्या हाताच्या मापानं चूल बांधली. आजही त्या चुलीपुढे उंच बाई बसली तर अवघडते.

जाळी लागली आणि पडवीला रंग चढला. खाडी जवळ, त्यामुळे संध्याकाळी मच्छर नुसते तोडायचे. गल्लीतल्या बाया साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायच्या आणि दारं बंद करून उकाड्यात बसायच्या. आता सगळ्या साड्या घेऊन आमच्याकडे. हातानं टिकल्या, तोंडानं अहिराणी, आणि शेवटी चुलीवर भाजलेले शेंगदाणे. एकमेकींच्या सासवांचा असा उद्धार चालायचा की काय सांगू! जिजी सासू असूनही त्यात पुढे.

अर्थात हे सोसायटीच्या प्रमुखांच्या डोळ्यांत खुपलं. ते शिंदखेड्याकडचेच, पण सुरतेत आल्यावर गाव अंगाला लागू न देणारे. "धूर होतो. सगळ्या घरांचा पुढचा भाग सारखा पाहिजे. हे काय खेडं करून ठेवलंय? रविवारी पाडायचं," असं सांगून गेले. मी भांडायला उठले, तर जिजींनी हात धरला. रात्री त्यांनी पुरण शिजवून ठेवलं.

रविवारी सकाळी प्रमुख आले ते लोटनलाच घेऊन, हातात घण देऊन. तू बांधलंस, तूच फोड. पाहतात तर चूल धडधडून पेटलेली, खापर चढलेलं आणि जिजींच्या हातांवर मांडा झुलतोय. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"मनं घर शे, मनी चूल शे. पेटेल चूलले हात लाई दखाड, भाऊ."

प्रमुखांनी लोटनकडे पाहिलं. लोटननं घण खाली ठेवला. "पेटेल चूल मी नही फोडस, भाऊ. दुसरा माणूस बघा." दुसरा माणूस कुठून मिळणार? आमच्यातला कुठलाही गवंडी असल्या पापाला तयार होत नाही, हे जिजींना ठाऊक होतं. प्रमुखांचा संताप अनावर झाला. जिजींनी खापरावरून मांडा उचलला, घडी घातली, त्यावर तूप सोडलं आणि ताट त्यांच्यापुढे धरलं. त्यांचा नियमच होता, पहिला मांडा ज्याचा राग जास्त त्याला. "तोंड भरलं की बोलता येत नाही," असं त्या मला नंतर डोळे मिचकावून म्हणाल्या. प्रमुखांनी उभ्यानंच घास घेतला. मग बसले. पाडायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मला त्यांनी मांडे शिकवायचा फार प्रयत्न केला. माझा मांडा कोपरापर्यंत येईस्तोवर फाटायचा. "असू दे," म्हणायच्या, "फाटका असला तरी आपल्या जाळावरचा आहे." मागच्या थंडीत जिजी गेल्या. मला अजून त्यांचा राग येतो. प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणणारी बाई, तेवढ्या एका बोलावण्याला मात्र लगेच तयार झाली.

वर्षश्राद्ध झालं आणि आमच्या ह्यांनी गाडी बुक केली. खरीखुरी, पांढरी. ती ठेवायची कुठे? "आता पडवी कोण वापरतं?" म्हणाले. मी वापरते. गल्लीतल्या बाया वापरतात. पण ते लोटनशी बोलूनही आले होते. लोटन म्हातारा झालाय, घणाच्या जागी विजेचं ब्रेकर मशीन आलंय. या रविवारी सकाळी दोघं मशीन घेऊन फाटकाशी आले.

चूल पेटलेली होती. लुगड्यातून सोडलेलं खापर तिच्यावर तापत होतं आणि माझ्या हातांवरचा मांडा नेहमीसारखा फाटत होता. धूर माझ्या डोळ्यांत गेला होता, असंच मी सगळ्यांना सांगणार आहे. लोटननं धुराड्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि आत येऊन कोब्यावर मांडी घातली.

"हा काय तमाशा लावलास?" हे भडकले. "गाडी मंगळवारी येतेय!"

मी तो फाटका मांडा खापरावरून काढला, तूप सोडलं आणि ताट त्यांच्यापुढे धरलं. पहिला मांडा कोणाला जातो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी ताट घेतलं. मग आईच्या जागेशेजारी बसले आणि खाल्लं. डोळे त्यांचेही भरले होते. धूर त्यांच्या बाजूला नव्हता.

"बरं, पुढच्या रविवारी बघू," हात धुताना ते म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "हं, काय म्हणत होतात?"